कोलेस्टेरॉल किट नीट कसं लावायचं आणि रीडिंग चुकलं तर नेमकं कुठं चुकलं ते कसं शोधायचं

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून नुकतीच लॅबला लागलेली पोरं पहिल्याच आठवड्यात म्हणतात, सर कोलेस्टेरॉल तर एकदम सोपी टेस्ट आहे, १००० मायक्रोलिटर रिएजंट (किटमधलं रसायन), १० मायक्रोलिटर सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी), ३७ डिग्रीला ठेवायचं, रीडिंग घ्यायचं, झालं. हो बाबा, झालं. सगळं नीट चालू असतं तेव्हा झालंच. पण ज्या दिवशी सकाळच्या बॅचमधले सगळेच पेशंट ७० च्या आत येतात त्या दिवशी इन्सर्ट (किटमधलं सूचनापत्रक) तोंडपाठ असून काही उपयोग होत नाही, बाटलीच्या आत काय चाललंय ते माहीत असावं लागतं. म्हणून हे लिहितोय, छोट्या लॅबमध्ये सेमी ऑटोवर (रंग मोजणाऱ्या छोट्या मशीनवर) हाताने टेस्ट लावणाऱ्यांसाठी. फुल्ली ऑटोवाल्यांनी पण वाचा, केमिस्ट्री तीच आहे, फक्त पिपेट मशीनच्या हातात आहे.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की मशीनला कोलेस्टेरॉल दिसत नाही. त्याला दिसतो फक्त गुलाबी रंग, आणि तो रंग तयार होईपर्यंत मध्ये तीन एन्झाइमं एकामागून एक काम करून जातात. रक्तातलं साधारण दोन तृतीयांश कोलेस्टेरॉल फॅटी ॲसिडला चिकटून असतं, त्याला एस्टर म्हणतात. पहिलं एन्झाइम, कोलेस्टेरॉल एस्टरेज, ते तोडून कोलेस्टेरॉल सुटं करतं. मग येतं आपलं मुख्य पात्र, कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज. कोलेस्टेरॉल म्हणजे स्टिरॉइडचा चार कड्यांचा सांगाडा, त्याच्या तिसऱ्या कार्बनवर एक ओएच लटकलेला असतो, हे एन्झाइम त्या ओएचमधला हायड्रोजन ओढून तिथं कीटोन करतं आणि जाता जाता शेजारचा डबल बाँड पण एक घर सरकवून ठेवतं. तयार झालेल्या मालाला कोलेस्टेनोन म्हणतात, पण आपल्याला त्याच्याशी घेणंदेणं नाही. आपल्याला पाहिजे ते ओढलेल्या हायड्रोजनचं पुढं काय होतं ते. एन्झाइमच्या पोटात एफएडी नावाचा एक रेणू बसलेला असतो, बी-२ व्हिटॅमिनपासून बनलेला (बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते ना, तेच बी-२, म्हणून शुद्ध केलेलं हे एन्झाइम पण पिवळं दिसतं), तो हायड्रोजन घेतो आणि पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला देऊन मोकळा होतो. ऑक्सिजनचं होतं हायड्रोजन पेरॉक्साइड. एक कोलेस्टेरॉल, एक पेरॉक्साइड, हिशोब चोख.

तिसरं एन्झाइम पेरॉक्सिडेज. ते दोन पेरॉक्साइड, एक फेनॉल आणि एक ४-अमायनोअँटिपायरीन एकत्र करून गुलाबी-लाल रंगाचं क्विनोनइमीन बनवतं, आणि तो रंग आपण ५०५ नॅनोमीटरला मोजतो. ह्या शेवटच्या पायरीला ट्रिंडर रिॲक्शन म्हणतात. किटच्या खोक्यावर चॉड-पॅप लिहिलेलं असतं ते ह्याच साखळीचं नाव, चॉड म्हणजे कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज.

हे यायच्या आधी काय होतं ते कॉलेजच्या प्रॅक्टिकलला झॅकची मेथड केलेल्यांना विचारा. फेरिक क्लोराइड, ॲसेटिक ॲसिड, वरून कडक सल्फ्युरिक, ॲप्रनला भोकं पडायची आणि रंग पण धड टिकायचा नाही. जमिनीतले काही जिवाणू कोलेस्टेरॉल खाऊन जगतात, तशाच एका नोकार्डिया जातीच्या जिवाणूतून रिचमंड यांनी हे ऑक्सिडेज काढलं आणि १९७३ मध्ये सिरमसाठी वापरून दाखवलं, लगेच १९७४ मध्ये अलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिन्ही एन्झाइमं एकाच रिएजंटमध्ये बसवली. आज आपण फ्रीजमधून जी बाटली काढतो ती ह्याच कामावर उभी आहे. आणि एक गंमत, अमेरिकेत कपाशीची बोंडं पोखरणारा एक भुंगा आहे, त्याच्या अळ्या हेच एन्झाइम पोटात गेलं की मरतात असं १९९३ मध्ये सापडलं होतं. आपल्या विदर्भातल्या गुलाबी बोंडअळीशी त्याची गल्लत करू नका, ती वेगळी. असो, विषयावर येतो.

सुरुवात सॅम्पलपासून. नुसतं टोटल कोलेस्टेरॉल असेल तर उपाशीपोटी यायची गरज नाही, एका जेवणाने त्यात फारसा फरक पडत नाही, हलतात ते ट्रायग्लिसराइड्स. पूर्ण लिपिड प्रोफाइल असेल तर डॉक्टरांनी सांगितलंय तसं करा. पेशंट जिना चढून धापा टाकत आला तर आधी ५-१० मिनिटं बसू द्या, कारण आडवं पडलेल्या माणसापेक्षा उभ्या माणसाचं कोलेस्टेरॉल १० टक्क्यांपर्यंत जास्त येऊ शकतं, रक्तातलं पाणी बाहेर सरकतं आणि कोलेस्टेरॉल वाहणारे मोठे कण घट्ट होतात. टुर्निकेट बांधून शीर शोधत बसलात तरी तेच होतं, एका मिनिटाच्या आत सोडायचं. ट्यूब साधी किंवा क्लॉट ॲक्टिव्हेटरची घ्या. ईडीटीएचा (रक्त गोठू न देणाऱ्या ट्यूबमधला) प्लाझ्मा वापरला तर रीडिंग साधारण ३ टक्के कमी येतं, आणि शुगरच्या फ्लोराइड ट्यूबमधलं उरलेलं सॅम्पल ‘चालतंय की’ म्हणून कोलेस्टेरॉलला लावायची जी सवय असते ती सोडा, फ्लोराइड पेशीतलं पाणी बाहेर ओढतं आणि सगळं पातळ होतं. अर्धा तास गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूज. घाईने फिरवलं की सिरममध्ये फायब्रिनचा दोरा राहतो आणि तो बरोब्बर टिपच्या तोंडात अडकतो.

रिएजंट फ्रीजमधून काढून डायरेक्ट वापरू नका. बाटलीतून आजच्या कामापुरतं वेगळ्या ट्यूबमध्ये ओता आणि रूम टेंपरेचरला येऊ द्या, बाटली परत आत. बाटलीत पिपेट घालायची नाही, कितीही घाई असो. एकाने घातली की दुसरा घालतो आणि तिसरा सिरम लागलेली टिप घालतो, मग आठवड्याने रिएजंट गुलाबी का झालं म्हणून सगळे एकमेकांकडं बघतात. अगदी फिकट गुलाबी झाक जुन्या बाटलीला येतेच, फेनॉल आणि अमायनोअँटिपायरीन हवेने, उजेडाने हळूहळू जुळतात. पण डिस्टिल्ड वॉटरवर झिरो करून रिएजंटचा ओडी (रंग किती गडद त्याचा आकडा) घ्या आणि इन्सर्टमध्ये दिलेल्या मर्यादेच्या वर गेला असेल तर सरळ फेका. काचेच्या ट्यूब हायपोक्लोराइटमध्ये बुडवून धूत असाल तर भरपूर पाण्याने खळखळून घ्या, हायपोचा अंश राहिला तर सिरम टाकायच्या आधीच ट्यूब लाजते.

आता ते १० मायक्रोलिटर. सगळ्या टेस्टचा जीव ह्या एका थेंबात आहे आणि पोरं सगळ्यात कमी लक्ष इथंच देतात. टिप घट्ट बसवा, बटण पहिल्या स्टॉपपर्यंत दाबा, मग टिप सिरममध्ये दोन-तीन मिलिमीटरच बुडवा, खोल खुपसायची नाही. बटण हळू सोडा, सिरम घट्ट असतं, त्याला वर चढायला सेकंदभर लागतो, झटकन सोडलं की मध्ये हवेचा बुडबुडा. बाहेर काढून टिपची बाहेरची बाजू टिश्यूने पुसा, पण टोकाला टिश्यू लावू नका, तो आतलं सिरम पण ओढून घेतो. मग टिप रिएजंटमध्ये बुडवून सोडा आणि तेच रिएजंट दोन-तीन वेळा आत-बाहेर करून टिप धुवून घ्या. न पुसता टाकलं तर बाहेर चिकटलेलं एखादा मायक्रोलिटर सहज जास्त जातो. एक मायक्रोलिटर म्हणजे काय विशेष असं वाटेल, पण १० मधला एक म्हणजे १० टक्के. १८५ चा माणूस २०३ होतो, रिपोर्टवर बोल्ड अक्षरात येतो आणि घरी गेल्यावर त्याचं तूप बंद होतं. बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

पिपेटवर शंका असेल तर ती तपासायला फार काही लागत नाही. १० मायक्रोलिटरवर ठेवून १० वेळा डिस्टिल्ड वॉटर एका छोट्या कपात टाका, वजन ०.१ ग्रॅम भरलं पाहिजे. मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा शेजारच्या सायन्स कॉलेजात असतो, ओळख काढा.

लावायची पद्धत अशी. ट्यूब तीन प्रकारच्या, ब्लँक (तुलनेसाठी, कोलेस्टेरॉल नसलेली), स्टँडर्ड (किटमधलं २०० एमजी/डीएल कोलेस्टेरॉलचं द्रावण) आणि टेस्ट, प्रत्येकीत १००० मायक्रोलिटर रिएजंट, ब्लँकमध्ये १० डिस्टिल्ड वॉटर, स्टँडर्डमध्ये १० स्टँडर्ड, टेस्टमध्ये १० सिरम. बोटाने टिचकी मारून मिक्स करा, पालथं करून हलवू नका, फेस होतो आणि फ्लो सेलमध्ये बुडबुडा अडकला की मशीन वाट्टेल ते दाखवतं. ३७ डिग्रीला ५ किंवा १० मिनिटं, तुमच्या किटचा इन्सर्ट सांगेल तेवढं. पहिल्या मिनिटात नजर ठेवून बघा एकदा, स्टँडर्डची ट्यूब पटकन रंगते आणि सिरमची थोडी मागं राहते, मग दोन्ही गाठतात. का मागं राहते ते पुढं सांगतो, त्याच्यातच एक मोठी गोम आहे. थंडीत वॉटर बाथचं थर्मामीटर बघा, डिस्प्लेवर ३७ आणि पाण्यात ३३ असं मी स्वतः पाहिलंय. रंग अर्ध्या तासाच्या आत मोजून मोकळे व्हा.

हिशोब साधा आहे. ब्लँकवर झिरो केलं, स्टँडर्डचा ओडी आला ०.३२०, टेस्टचा ०.२९६, तर ०.२९६ भागिले ०.३२० गुणिले २०० म्हणजे १८५ एमजी/डीएल. मशीन फॅक्टर लावून हेच करतं. पण एक काम मशीन करत नाही ते तुम्ही करा, रोजचा ब्लँकचा ओडी आणि स्टँडर्डचा ओडी एका वहीत लिहा, लॉट नंबरसकट. ही वही पुढं डॉक्टरचं काम करते, ते पुढं येईलच. पण नुसता स्टँडर्डचा ओडी पुरत नाही, ते आधी माझ्याच एका फजितीवरून सांगतो.

मे महिना होता, मी तेव्हा एका तालुक्याच्या गावात लॅबला होतो, आदल्या दिवशी दुपारभर लाइट नव्हती आणि फ्रीजमधलं सगळं कोमट झालेलं. सकाळी टेस्ट लावल्या, स्टँडर्ड एकदम फर्स्ट क्लास, ०.३२ च्या आसपास, नेहमीसारखा. पेशंट मात्र ६०, ७१, ५८. कंट्रोल (आधीच आकडा माहीत असलेलं सिरम) लावला नव्हता, कारण कंट्रोल सिरम महाग आणि वाचवून वापरायचं अशी तिथली रीत. स्टँडर्ड बरोबर म्हणजे रिएजंट बरोबर, असं समजून मी रिपोर्ट सोडले. दुपारी डॉक्टरांचा फोन, अहो काल ह्याच बाईचं २४० होतं, रात्रीतून काय गंगास्नान केलं का तिनं? धावत जाऊन कंट्रोल काढला, १९० पाहिजे तिथं ६८. तीच ट्यूब अजून दहा मिनिटं ठेवली तर ओडी चढतच चाललेला.

आता साखळी आठवा. बऱ्याच किटमधल्या स्टँडर्डमध्ये सुटं कोलेस्टेरॉल असतं, एस्टर नसतातच, त्यामुळं त्याला पहिल्या एन्झाइमची गरजच पडत नाही, ते थेट ऑक्सिडेजकडं जातं. म्हणूनच त्याची ट्यूब आधी रंगते. गरमीत एस्टरेज मेलं तरी स्टँडर्डला पत्ता लागत नाही, सिरममधलं मात्र एक तृतीयांश सुटं तेवढंच मोजलं जातं. स्टँडर्ड ठीक, पेशंट सगळे तिसऱ्या हिश्शावर, वेळ वाढवला की ओडी वाढतो, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की बहुतेक एस्टरेज गेलंय असं धरा आणि बाटली बदला. नवीन बाटलीवर ती बाई २३६ आली, सगळ्यांना फोन करून रिपोर्ट बदलून दिले, मालकाची बोलणी खाल्ली, आणि त्या दिवसापासून कंट्रोलशिवाय मी एकही बॅच लावलेली नाही. कंट्रोलमध्ये माणसाच्या सिरमसारखे एस्टर असतात, म्हणून तोच खरा साक्षीदार. तुमच्या किटमध्ये स्टँडर्डऐवजी सिरमपासून बनवलेला कॅलिब्रेटर असेल तर हा बिघाड वेगळ्या रूपात दिसेल, कॅलिब्रेटरचाच ओडी घसरेल, आणि ते पण वहीतच कळणार.

स्टँडर्ड आणि पेशंट दोन्ही रंगतच नाहीत किंवा दोन्ही हळू, तर दोष ऑक्सिडेजमध्ये किंवा पेरॉक्सिडेजमध्ये, नाहीतर बाथ थंड. ह्यातलं कुठलं ते वेगळं करायचं असेल तर एकच थेंब अगदी पातळ केलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड नुसत्या रिएजंटमध्ये टाकून बघा, लगेच गुलाबी झालं तर पेरॉक्सिडेज जिवंत आहे आणि गेलंय ते ऑक्सिडेज. पातळ म्हणजे खूपच पातळ बरं का, जखम धुवायचं तसंच टाकलं तर एन्झाइमच भाजून निघेल. ही ट्यूब नंतर फेकून द्यायची.

स्टँडर्डची बाटली उघडी राहिली तर त्यातलं पाणी, स्पिरिट उडतं आणि स्टँडर्ड घट्ट होतं. वहीत ०.३२ चालू असलेला ओडी ०.३९ झाला, आणि त्याच दिवशी तुमचा १८५ चा माणूस १५२ आला. इथं पेशंट कमी दिसतात पण खोटं बोलतोय तो स्टँडर्ड. वही नसेल तर हे कधीच कळत नाही, कारण ०.३९ सुद्धा एकट्याने बघितला तर काही वाईट दिसत नाही.

एकाच पेशंटचं विचित्र आलं असेल तर ट्यूबकडं बघा. सिरम दुधासारखं असेल तर गढूळपणाच ओडी वाढवतो, अशा वेळी १००० सलाइनमध्ये १० सिरम टाकून सॅम्पल ब्लँक काढा आणि वजा करा. हिमोलाइज्ड (लाल पेशी फुटलेलं) असेल तर रक्ताचा लाल रंग त्यात मिसळतो, परत रक्त घ्या. काविळीचा पेशंट असेल तर उलट, बिलिरुबिन पेरॉक्साइड खातं आणि रीडिंग कमी येतं. व्हिटॅमिन सी पण तेच करतं. रोजच्या आवळ्या-लिंबाने काही होत नाही, पण हल्ली लग्नाच्या आधी गोरं व्हायला सलाइनमधून व्हिटॅमिन सी चढवून घ्यायचं फॅड आहे, तशी ड्रिप घेऊन कोणी थेट लॅबला आलं तर कोलेस्टेरॉल मस्त कमी येईल आणि ते खोटं असेल. पॅरासिटामॉलचं पॉइझनिंग झालेल्याला एनॲसिटिलसिस्टीन चालू असतं, त्याची पण हीच कथा, शक्यतो ड्रिपच्या आधीचं रक्त मागा. ओळखायची खूण सांगतो. कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड्स, युरिक ॲसिड आणि गॉड-पॉडची (ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज पद्धतीची) शुगर, हे चौघं शेवटी त्याच ट्रिंडरवर येतात. एकाच पेशंटचे चौघं एकत्र खाली आणि युरिया नॉर्मल असेल तर त्याच्या रक्तात पेरॉक्साइड खाणारं काहीतरी आहे, चूक तुमच्या हातात नाही. काही किटमध्ये व्हिटॅमिन सी संपवणारं वेगळं एन्झाइम घातलेलं असतं, इन्सर्ट वाचा.

किटच्या लिनिॲरिटीच्या (किट जिथपर्यंत बरोबर मोजतं त्या मर्यादेच्या) वर रीडिंग गेलं तर सिरम सलाइनने दुप्पट पातळ करून परत लावा आणि उत्तराला २ ने गुणा. पातळ सिरम करायचं, तयार रंग पातळ करून मोजायचा नाही, रिएजंटच संपलेलं असेल तर रंग पातळ करून काय फायदा.

एचडीएलला (चांगल्या कोलेस्टेरॉलला) पण हेच रिएजंट चालतं, आधी फॉस्फोटंग्स्टिक आणि मॅग्नेशियमने बाकीचे कण खाली बसवायचे आणि वरच्या निवळीत जे उरतं ते मोजायचं. निवळी एकदम स्वच्छ पाहिजे, गढूळ असेल तर परत फिरवा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बऱ्याच ठिकाणी अजून फ्रीडवाल्डच्या सूत्राने काढतात, टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा, आणि ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर हे सूत्र लावायचंच नाही. आता परत तो पुसायचा राहिलेला एक मायक्रोलिटर बघा. टोटल १८५, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड्स १५०, तर एलडीएल ११३. टोटल चुकून २०३ आलं तर एलडीएल १३१. टोटलमधली सगळी चूक जशीच्या तशी एलडीएलच्या डोक्यावर जाऊन बसते, आणि डॉक्टर गोळी चालू करायची का नाही ते एलडीएल बघून ठरवतात.

रिपोर्टवर २०० च्या आत ठीक, २०० ते २३९ काठावर, २४० आणि पुढं जास्त, हे आकडे अमेरिकेच्या २००१ च्या गाइडलाइनमधले आहेत आणि आपल्याकडं बहुतेक लॅब अजून तेच छापतात. मुलाकडं लंडनला राहून आलेले काका-काकू ५.२ (मिलिमोल प्रति लिटर) लिहिलेला रिपोर्ट घेऊन येतात आणि तुमचा २०१ बघून घाबरतात, त्यांना ५.२ गुणिले ३८.६७ करून दाखवा, तेवढाच आहे.

आणि हो, बाटली उघडली की लगेच मार्करने झाकणावर नाही, बाटलीवर तारीख टाका. झाकणं बदलतात.